राखीव

दाजीपूरला निघालो की आमच्या कोल्हापुरात लोक अजूनही 'बायसन बघायला चाललाय काय?' असं विचारतात. पर्यटनाच्या पुस्तिकांत बायसन, हॉटेलांच्या नावांत बायसन, मोबाईलवरच्या नकाशातही बायसन. त्या जंगलात मात्र एकही बायसन नाही. कधी नव्हताच. बायसन हे अमेरिकेतल्या गवताळ मैदानांवरचं जनावर. त्याचा एक भाऊबंद युरोपातल्या जंगलांत उरला आहे. आपल्या सह्याद्रीत आहे तो गवा. इंग्रज साहेब बंदूक घेऊन इथल्या डोंगरांत शिरले, तेव्हा त्यांना खांद्यापासून निम्म्या पाठीपर्यंत उंच कणा असलेलं हे काळंकभिन्न धूड दिसलं. त्यांना चित्रांतला बायसन आठवला आणि त्यांनी शिकारीच्या वहीत तेच नाव लिहून टाकलं. साहेब गेले, वही राहिली.

आपण मराठी लोकांनी यात वेगळी भर घातली. वर्तमानपत्रात गवा गावात शिरल्याची बातमी आली की मथळ्यात हमखास 'गवारेडा' असतो. गव्याचा रेड्याशी काही संबंध नाही. तो म्हशीच्या घराण्यातला नाही, गाईबैलांच्या घराण्यातला आहे. पण रंग काळा, शिंगं मोठी, म्हणून रेडा. खुद्द राधानगरीकडची माणसं या भानगडीत पडत नाहीत. एक असला तर गवा, चार असले तर गवं.

नावाचा हा घोळ मी मुद्दाम आधी सांगतोय, कारण या जंगलाची बहुतेक नावं बाहेरून आलेल्या माणसांनी ठेवलेली आहेत, आणि ठेवणाऱ्याला त्यातून काय हवं होतं ते त्या नावात दिसतं. 'बायसन' हे शिकाऱ्याचं नाव. 'अभयारण्य' हे सरकारचं. त्या दोघांच्या मधे अजून एक शब्द आहे, जो कोल्हापूरच्या माणसाला दुसऱ्याच कारणासाठी पाठ असतो. तो म्हणजे राखीव.

२६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी करवीर संस्थानातल्या सरकारी नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. शाळेत हे आपण सगळे शिकलो. जागा राखीव, म्हणजे ज्यांना आजवर दाराबाहेर ठेवलं त्यांच्यासाठी दार उघडं. त्याच काळात हिंदुस्थानभर आणखी एक गोष्ट राखीव होत होती, तिचा अर्थ बरोबर उलटा होता. १८७८ च्या वन कायद्यानंतर इंग्रजी मुलखात जंगलांचे तुकडे 'राखीव' म्हणून आखले गेले. जंगल राखीव, म्हणजे आजवर जे आत होते त्यांच्यासाठी दार बंद. सरपण, चराई, मध, शिकार हे सगळं कालपर्यंत रोजचं होतं, ते आता परवानगीचं झालं. संस्थानांच्या जंगलांचा कारभारही साधारण याच वळणाने गेला. फक्त तिथे इमारती लाकडाच्या जोडीला एक जास्तीचं कारण होतं, राजाची शिकार.

दाजीपूरचं रान हे कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं रान. आज पर्यटक ज्या जंगलाला 'अस्पर्श' वगैरे म्हणतात, ते शिल्लक राहिलं त्याचं एक मोठं कारण हे की ते मारण्यासाठी राखलेलं होतं. हे वाक्य मला स्वतःलाही आवडत नाही, पण त्याला इलाज नाही. ताडोबापासून भरतपूरपर्यंत आपल्या कितीतरी प्रसिद्ध जंगलांच्या आणि पाणथळींच्या मुळाशी कुणातरी राजाची नाहीतर साहेबाची बंदूक आहे. ज्याला स्वतः मारायचं असतं तो इतरांना मारू देत नाही, एवढा साधा हिशोब.

कोल्हापुरात शिकार हा नुसता छंद नव्हता, ते खातं होतं. दरबारचा शिकारखाना होता. हत्तींच्या साठमारीसाठी आखाडा होता. आज त्या भागाला साठमारी म्हणतात आणि तिथे राहणाऱ्या पोरांना त्या नावाचं काही वाटत नाही. आणि चित्ते होते. पाळलेले, डोळ्यांवर टोपी घातलेले चित्ते बैलगाडीतून माळावर न्यायचे, काळविटांचा कळप दिसला की टोपी काढून सोडायचे. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात कोल्हापूर आणि भावनगर या दरबारांनी आफ्रिकेतून चित्ते आणवले. २०२२ मध्ये नामिबियाहून कुनोला चित्ते आले तेव्हा सगळे वाहिनीवाले 'इतिहासात प्रथमच' म्हणून ओरडत होते. कोल्हापूरच्या एखाद्या जुन्या चित्तेवानाच्या नातवाने ते ऐकलं असेल तर त्याला हसू आलं असेल. अर्थात ते चित्ते रानात सोडायला आणलेले नव्हते, रानातली हरणं कमी करायला आणलेले होते, हा फरक आहेच.

शाहू महाराज स्वतः कसलेले शिकारी होते. इथे गोष्ट जरा गुंतागुंतीची होते, आणि म्हणून मला ती महत्त्वाची वाटते. शिकार करून जगणारी एक जमातच आपल्याकडे होती, फासेपारधी. पारध म्हणजेच शिकार. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यांनी अशा जमातींच्या कपाळावर जन्मतःच गुन्हेगार म्हणून शिक्का मारायला सुरुवात केली. त्यांना ठाण्यावर हजेरी लावावी लागायची. राजाने केली तर शिकार मर्दानी खेळ, पारध्याने केली तर चोरी. शाहू महाराजांनी या पारध्यांना बोलावून घेतलं, वसवलं, पहाऱ्याच्या नोकऱ्या दिल्या आणि १९१८ मध्ये आपल्या संस्थानात हजेरीची पद्धत बंद केली. शिकाऱ्याने शिकारी ओळखला असं म्हणावंसं वाटतं. पण जंगलाचं दार काही पारध्यांसाठी उघडलं नाही. ते राजवाड्याच्या पहाऱ्यावर आले, जंगल दरबाराचंच राहिलं. एकाच माणसाच्या राज्यात 'राखीव' हा शब्द दोन दिशांनी चालत होता.

जंगलाच्या नशिबात तिसरी गोष्ट आली ती पाण्याची. १८९६ पासूनच्या चार-पाच वर्षांत दख्खनने दोन मोठे दुष्काळ पाहिले. त्यातून शाहू महाराजांच्या डोक्यात भोगावतीवर धरण बांधायचं बसलं. १९०८ च्या सुमारास फेजिवडेजवळ काम सुरू झालं. धरणाशेजारी नवी पेठ वसवली, तिला मुलीचं नाव दिलं, राधानगरी. तलावाला राणीचं, लक्ष्मीबाईंचं. स्वतःचं नाव कुठेच नाही, हे आजच्या फ्लेक्सच्या काळात मुद्दाम सांगण्यासारखं आहे. पुढे पैसा आटला, काम अर्धवट राहिलं, १९२२ मध्ये महाराज गेले. धरण पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकात.

या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे हा कोल्हापूरकरांचा जिव्हाळ्याचा विषय. पाणी ठराविक पातळीच्या वर गेलं की ते आपोआप उघडतात, ओसरलं की मिटतात. एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं, हा आकडा आमच्याकडे पाढ्यासारखा पाठ असतो. पावसाळ्यात 'तिसरा उघडला', 'पाचवा उघडला' असे मेसेज कॉलेजच्या ग्रुपपासून भजनी मंडळाच्या ग्रुपपर्यंत फिरतात आणि पंचगंगेकाठची माणसं सामान माळ्यावर चढवायला लागतात. २०१९ चा पूर ज्यांनी पाहिलाय त्यांना हे मेसेज म्हणजे काय ते सांगायला नको.

धरणाची साठवण ८.३६ टीएमसी. हे पाणी येतं कुठून? दाजीपूरच्या डोंगरांतून. पाऊस कोसळतो तिथे दाट झाडी असली की माती जागेवर राहते आणि धरण गाळाने भरत नाही. म्हणजे शिकारीसाठी राखलेलं रान आता पाण्यासाठीही राखणं भाग होतं. मला तर वाटतं, गव्यांवर सरकारचं जेवढं प्रेम होतं त्याहून जास्त त्या पाण्यावर होतं. १९८५ मध्ये अभयारण्य वाढवून ३५१.१६ चौरस किलोमीटर केलं, ते एका बाजूला राधानगरी धरणाचं आणि दुसऱ्या बाजूला दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणाचं पाणलोट धरूनच. नकाशा समोर ठेवला की ते अभयारण्य दोन तलावांना धरून बसलेलं दिसतं.

पण त्याआधी १९५८. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. शिकारखान्याचं जंगल सरकारी वनखात्याचं झालं. आणि १९५८ मध्ये दाजीपूरचं गवा अभयारण्य जाहीर झालं. महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य असं त्याचं वर्णन करतात. तेव्हा महाराष्ट्र राज्य जन्माला यायचं होतं, कारभार द्विभाषिक मुंबई राज्याचा होता, त्यामुळे 'आज महाराष्ट्रात असलेलं पहिलं' असं म्हणणं जास्त बरोबर. ताडोबा १९५५ चं आहे, पण ते राष्ट्रीय उद्यान, आणि जाहीर झालं तेव्हा चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता. एमपीएससी करणाऱ्या मित्रांनी एवढा परिच्छेद जपून ठेवायला हरकत नाही.

'अभयारण्य' हा शब्द मात्र फार जुन्या वळणाचा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'अभयवन' येतं. राजाने अभय दिलेल्या प्राण्यांना मारलं, धरलं तर किती दंड, हेही तिथे सांगितलंय. अभय देणारा राजाच, कारण भयही त्याचंच. १९५८ मध्ये बंदूक खाली ठेवून सरकारने अभय दिलं, तेव्हा ते जनावरांना दिलं. त्या डोंगरात माणसंही राहत होती, त्यांचं काय, हा प्रश्न त्या शब्दात बसत नव्हता.

गेल्या एप्रिलमध्ये आम्ही चौघं दाजीपूरला गेलो. कोल्हापूरहून ८० किलोमीटर, फोंडा घाटाच्या तोंडाशी. मी पुण्यात नोकरी करतो. सोबतचे तिघं पहिल्यांदाच सह्याद्रीतलं जंगल पाहत होते आणि त्यांच्या डोक्यात ताडोबाचे व्हिडिओ होते. सकाळी फाटकावर पावती फाडली, स्थानिक वाटाड्या घेतला, जीप आत निघाली.

सांगायची पहिली गोष्ट म्हणजे हे जंगल दाखवायला तयार नसतं. विदर्भात उन्हाळ्यात पानगळ झाली की शंभर पावलांवरचा वाघ दिसतो. इथे सदाहरित, निमसदाहरित झाडी. रस्त्यापासून दहा पावलांवर गवा उभा असला तरी पत्ता लागत नाही. अंजनी फुलली होती. खोडाफांद्यांना लगडून आलेली निळी-जांभळी फुलं, खाली त्यांचाच सडा. गारंबीचे वेल अजगरासारखे पिळे घालून झाडांवर चढलेले, त्यांच्या हात-हातभर लांब शेंगा लोंबत होत्या. शेकरू एकदा दिसलं, आणि मग अर्धा तास फक्त त्याचा खडखडाट ऐकू येत राहिला. माझा एक मित्र दर पाच मिनिटांनी रेंज बघत होता. वाटाड्या त्याला म्हणाला, 'सड्यावर येती एक कांडी. गोव्याची, नायतर कोकणातली.'

वाटेत ठक्याचा वाडा लागतो. पर्यटक तिथे पेशवाईतला चौसोपी वाडा शोधतात आणि निराश होतात. इकडे धनगरांच्या वस्तीला वाडा म्हणतात. सह्याद्रीच्या माथ्यावर म्हशी राखून राहणारे गवळी धनगर, त्यांची चार-सहा घरं म्हणजे धनगरवाडा. ठक्या नावाचा कुणीतरी इथे म्हशी घेऊन राहिला असणार, हे नावातच आहे. आज वाडा म्हणजे जंगलातली एक जागा आहे, नाव राहिलंय. राजाच्या शिकारीच्या कथा छापलेल्या सापडतात. ठक्याची एवढीच नोंद.

सावराई सडा आला तेव्हा झाडी एकदम संपली. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. वर मातीचा पातळ थर, पावसाळ्यानंतर फुलांचा गालिचा, एप्रिलमध्ये नुसता तापलेला लाल-काळा कातळ आणि वाळकं गवत. याच जांभ्यात बॉक्साइट असतं, आणि जिल्ह्याच्या पश्चिमेला त्याच्या खाणी झालेल्या आहेत. म्हणजे हे ओसाड दिसणारे सडे कुणाला नको असतील असं समजायचं कारण नाही. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात महाराष्ट्रातली चार: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी.

गवे दिसले ते परतताना. वाटाड्याने हात वर केला, गाडी थांबली. मला काही दिसेना. मग उजव्या हाताच्या झाडीतला अंधार हलला. आधी पाय दिसले, गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखे. मग त्या पायांवर केवढं तरी शरीर चढत गेलं. एक मोठी गाय, मागे आणखी पाच-सहा, त्यांच्यात एक तांबूस वासरू. कळपाची म्होरकी बहुधा अशी पोक्त गाय असते. मोठे नर एकेकटे हिंडतात. पुरता वाढलेला नर टनाच्या घरात जातो आणि खांद्याशी सहा फूट भरू शकतो. आमच्यासमोरच्या गाई त्याहून लहान होत्या आणि तरी जीप खेळण्यातली वाटत होती. म्होरकीने मान वर केली, नाकपुड्या फुगवल्या आणि आमचा वास घेतला. तिने आमच्याकडे पाहिलं असं म्हणवत नाही, वासच घेतला. मग एक फुरफुर, आणि सगळा कळप झाडीत गेला. एवढी जड जनावरं, पण वाळक्या पानांचा आवाज दोन क्षणांत थांबला. चौघांपैकी कुणीही फोटो काढला नव्हता. रेंज शोधणारा मित्र नंतर बराच वेळ गप्प होता.

वाटाड्या पुढे बोलता झाला. त्याच्या लहानपणी जंगलातल्या वस्त्यांच्या आजूबाजूला कुरणं होती. धनगरांच्या म्हशी चरायच्या, उन्हाळ्यात गवत जाळलं जायचं, पहिल्या पावसात कोवळं उगवायचं, त्यावर रात्री गवे यायचे. वस्त्या हलल्या, चराई थांबली, तशी कुरणांत रानमोडी माजली. ही परदेशातून आलेली वनस्पती; तिला ना गाय तोंड लावते ना गवा. आता याचा अर्थ धनगर होते म्हणून गवे सुखी होते असा काढायचा नाही. गुरांबरोबर रोगही येतात. बुळकांडी नावाच्या रोगाने आपल्याकडच्या गव्यांचे कळपच्या कळप गावच्या गुरांच्या संसर्गाने मेलेले आहेत. २०११ मध्ये तो रोग जगातून संपल्याचं जाहीर झालं, तोवर ही भीती होतीच. पण माणूस काढला की जंगल आपोआप पहिल्यासारखं होतं, हा जो आपल्या शहरी मनाचा समज आहे, त्यात रानमोडी बसत नाही.

कायद्याने मात्र दार आणखी घट्ट होत गेलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात गवा पहिल्या अनुसूचीत आला, म्हणजे वाघाच्या पंगतीत. शिकार पूर्ण बंद झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने अभयारण्यांतून पडलेलं लाकूड, गवत असं काहीही बाहेर नेण्याला मनाई झाली. डोंगरातल्या बाईला सरपणाची मोळी आणि हिरड्याचं गाठोडं आठवून पाहा, म्हणजे या एका ओळीचं वजन कळेल. मग २००६ चा वनहक्क कायदा आला आणि त्याने पहिल्यांदाच कागदावर कबूल केलं की या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला. सव्वाशे वर्षांनी का होईना, 'राखीव' या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांसमोर बसले.

आता उसाकडे येऊ, कारण कोल्हापूरची कुठलीही गोष्ट उसाशिवाय पुरी होत नाही. राधानगरीचं पाणी भोगावतीतून खाली सोडलं जातं, नदीवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे ते अडवतात, दोन्ही काठांना उपसा. ऊस वाढला, साखर कारखाने आले, जिल्हा सुखवस्तू झाला. मीही त्याच पैशावर शिकलो. ऊस नदीकाठाने वर सरकत सरकत डोंगराच्या पायथ्याला भिडला. गव्याच्या दृष्टीने पाहा: ऊस हे एक गवतच आहे. दहा फूट उंच, गोड, बारा महिने हिरवं, आत लपायला जागा आणि बाजूला पाणी. ज्या जंगलाने पाणी राखलं, त्या पाण्याने ऊस पिकवला आणि त्या उसाने जंगलातला गवा बाहेर काढला. यात कुणाचाही वाईट हेतू नव्हता.

बाहेर निघालेला गवा किती लांब जाऊ शकतो हे महाराष्ट्राने मोबाईलच्या पडद्यावर पाहिलंय. ९ डिसेंबर २०२० च्या सकाळी पुण्यात कोथरूडच्या महात्मा सोसायटीजवळ एक गवा दिसला. हा राधानगरीचा नव्हता, पुण्याच्या पश्चिमेच्या डोंगरांतून वाट चुकलेला असावा. बातमी पसरली आणि माणसं धावली, मदतीला कमी, व्हिडिओला जास्त. मी तेव्हा घरून काम करत होतो आणि ऑफिसच्या ग्रुपवर तो गवा मिनिटामिनिटाला येत होता: भिंतीपाशी, गाड्यांमधे, गल्लीच्या तोंडाशी, तोंडातून फेस गळताना. काही तास पळापळ झाली, बेशुद्धीचं औषध दिलं गेलं आणि त्याच दिवशी तो मेला. गवा दिसायला राकट असला तरी आतून फार बुजरं जनावर आहे. धावपळ, उष्णता आणि भीती त्याला सोसत नाही. त्याच महिन्यात बावधनला दुसरा एक गवा आला. या वेळी गर्दीला लांब ठेवलं, त्याच्यासाठी वाट मोकळी केली, आणि तो आपल्या पायांनी डोंगरात परत गेला. दोन गवे, दोन आठवडे, एकच शहर. दुसऱ्याचे व्हिडिओ फारसे कुणाला मिळाले नाहीत.

दाजीपूरहून परतताना आम्ही राधानगरीच्या खालच्या एका गावात चहाला थांबलो. टपरीवर एक म्हातारे बसले होते. सत्तरीच्या पुढचे, डोक्याला पटका, खांद्यावर टॉवेल.

'काय बगाय गेलतासा?'

'गवे.'

'किती घेत्यात आत जायाला?'

आम्ही गाडीचे, वाटाड्याचे, प्रवेशाचे असे सगळे मिळून सांगितले. त्यांनी टपरीवाल्याकडे बघून डोळे मिचकावले. 'आमच्या उसात यायचं की रातच्याला. फुकाट दावतो.'

मित्रांना दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं, ते गेले. मी राहिलो. तात्यांचा (गाव त्यांना तात्याच म्हणतं) दोन एकर ऊस आणि थोडं भात. रात्री जेवून आम्ही शेतावर गेलो. चार वाशांवर बांधलेला माळा, वर पालापाचोळा, खाली विझत आलेला जाळ. अभयारण्यातही मचाणं असतात, तिथे बसायला लोक आधीपासून नंबर लावतात. तात्या वर्षातले पाच-सहा महिने इथे झोपतात, किंवा झोपत नाहीत. याला राखण म्हणतात. राखीवच्याच घरातला शब्द, पण याला ना पगार ना गणवेश.

त्यांच्या वडिलांकडे पीक राखायला परवान्याची ठासणीची बंदूक होती. 'वाजवाय फकस्त,' तात्या म्हणाले, आणि थोडं थांबून, 'बहुतेक.' आता पत्र्याचा डबा आणि बॅटरी. नुकसान झालं तर भरपाई मिळते, पण पंचनामा व्हावा लागतो, आणि माणूस यायच्या आत वळवाचा पाऊस पडून गेला तर गव्याचे खूर धुऊन जातात. मग ऊस गव्याने मोडला की वाऱ्याने, हा वाद. पोराने शिकवल्यापासून ते मोबाईलवर खुरांचे फोटो काढून ठेवतात. त्यांनी मला ते दाखवले. खुणेला शेजारी चप्पल ठेवलेली, माप कळावं म्हणून. सगळ्या गॅलरीत नातवंडांचे फोटो मोजके आणि खुरांचे शंभरेक.

'मारावंसं नाही वाटत?' मी विचारलं.

'वाटतं की. पर त्ये ईल तवा बग कसं येतं.' पुढे म्हणाले, 'म्हाराजांच्या टायमाला बी पीक खायाचं, आता बी खातंय. तवा म्हाराजांचं हुतं, आता सरकारचं हाय. आमचं कवा हुतं?'

आला तो अडीचच्या सुमाराला. आधी कुत्रं उठलं, आवाज न करता माळ्याखाली येऊन बसलं. मग लांबून ऊस मोडल्याचा आवाज. कांडी कडकन मोडते, मग चघळण्याचा ओला आवाज, मग पुन्हा कडकन. तात्यांनी बॅटरी मारली. उसाच्या पाचटातून दोन डोळे हिरवट चमकले, जमिनीपासून माझ्या डोक्याएवढ्या उंचीवर. एकटा नर होता. त्यांनी डबा बडवला. गव्याने मान वळवली, तोंडातला ऊस संपवला आणि आणखी एक मोडला. तात्यांनी शिव्या घातल्या, त्याही दमाने, सवयीच्या. त्याला उद्देशून बोलताना ते त्याला 'मालक' म्हणत होते. सात-आठ मिनिटांनी तो वळला आणि बांधावरून डोंगराच्या दिशेने चालू लागला, पळाला नाही.

तात्यांनी डबा खाली ठेवला, तंबाखू मळली, मला दिली, मी नको म्हटलं. किती मोडला असेल ते अंधारातच बोटांवर मोजलं आणि किती वाजले म्हणून विचारलं. पावणेतीन होत होते.

'पड जरा,' ते म्हणाले. 'चारला येतंय परत.'